आवाजाची तिसरी प्रत

आमच्या घरातला कॉम्प्युटर जुना आहे हे मला मान्य आहे, पण दुसऱ्या कुणी तसं म्हटलं की मला राग येतो. भोकरदनला घर बांधलं तेव्हा हॉलच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी कडप्प्याचा खास ओटा करून घेतला होता. बायकोनं जुन्या साडीच्या खोळी शिवल्या होत्या. मॉनिटरला वेगळी, खालच्या डब्याला वेगळी, आणि कीबोर्डलासुद्धा एक. आमच्याकडची उन्हाळ्यातली धूळ अशी की खोळीलाच दुसरी खोळ घालावी लागेल. ती गेल्यापासून मी रोज सकाळी त्या खोळी काढतो, काम असो नसो कॉम्प्युटर चालू करतो आणि संध्याकाळी पुन्हा घालून ठेवतो. तिला जाऊन आता तिसरं वर्ष चालू आहे.

मागच्या हिवाळ्यात हा कॉम्प्युटर आवाज करायला लागला. कट् कट्, मग थोडा वेळ गप्प, पुन्हा कट् कट्. आधी मला वाटलं पाल आहे. सगळं मागं ओढून झाडून काढलं, पाल काही निघाली नाही. मग डब्याला कान लावला तर आवाज आतून येत होता. डबा धोतरजोडीसारखा कापडात बांधला, स्कूटरवर पायाशी ठेवला आणि बसस्टँडच्या अलीकडच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेला. दुकानदारानंही कान लावला. आत काय आहे ते त्यानं विचारलं. मी म्हटलं, कामाचं आहे.

"काका, डिस्क बोलून राह्यली ही," तो म्हणाला. "अशी बोलायला लागली की लय दिवस न्हाई काढत. आतलं जल्दी बाहेर काढून घ्या."

मी तिथं त्याच्याशी उगाच वाद घातला. म्हटलं, चांगली चालू आहे, तुम्हा लोकांना नवीन विकायचं असतं. त्या बिचाऱ्यानं फक्त डबा माझ्याकडं सरकवला. डबा पुन्हा बांधून मी घरी आणला, जागेवर ठेवला आणि तसाच खुर्चीत बसून राहिलो. मी घाबरलो होतो. त्या डिस्कमध्ये माझ्या बायकोचा आवाज होता, आणि तो दुसरीकडं कुठंही नव्हता.

हे ऐकून कुणालाही नवल वाटेल. आजकाल माणूस दिवसभर फोनवर बोलतो, त्याचा आवाज कुठं ना कुठं राहतोच. आमच्या बाबतीत तो राहिला नाही. तिचा फोन ती आजारी पडायच्या आधीच गच्चीवरच्या टाकीत पडला होता. टाकी धुताना कमरेला खोचलेला, वाकली तसा डुबुक. मुलीच्या फोनमध्ये तिचे निरोप होते, पण मुलीनं फोन बदलला तेव्हा ते आले नाहीत आणि त्या वेळी आई धडधाकट असल्यामुळं कुणी त्यांच्यामागं लागलं नाही. लग्नाची कॅसेट आहे, तिच्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत बँड वाजतोय. राहिले ते पाठ.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. मेन रोडच्या फाट्यावरून आत, छोट्या गावात शाळा, आणि दुसरीचा वर्ग तिच्याकडं. त्या साथीच्या दिवसांत शाळा बंद पडल्या. तिच्या पोरांच्या घरी मोठे फोन नव्हते, गल्लीत एखाद्याकडं असायचा. व्हिडिओ पाठवला तर त्या माणसाचा दिवसाचा नेट एका पाठात संपायचा. म्हणून तिनं नुसता आवाज पाठवायचं ठरवलं. ती फोनवर पाठ बोलायची, तो गल्लीतल्या एका फोनवर जायचा, आणि पोरं ओट्यावर लांब लांब बसून ऐकायची. ऐकून झालं की फोनवाला जागा करायला तो पुसून टाकायचा. फोन भरला की पाठ कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं काम माझं. मी कॉलेजात लिपिक होतो, त्यामुळं घरात फाइल, फोल्डर, फीत बांधणं ही सगळी खाती माझ्याकडंच होती.

पाठ बोलायच्या वेळी घरात कर्फ्यू असायचा. पंखा बंद, कुकर खाली, नळाला पाणी आलं तरी बादली भरायची नाही. मला ती गच्चीवर पाठवायची, कारण मी खोकतो. "तुम्हाला न्हाई आवरत, अन् मंग म्हणता मी काय केलं," असं म्हणून हातात चहाचा कप द्यायची आणि दार लावून घ्यायची. मी टाकीच्या सावलीत बसून चहा प्यायचो आणि तिनं बोलवायची वाट बघायचो. तेव्हा मला याचा वैताग यायचा. आता कुणी तसं गच्चीवर धाडलं तर मी दिवसभर तिथं बसेन.

तर दुकानातून आलो आणि पुण्याला मुलीला फोन केला. ती कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. मी सगळं सांगितलं, फक्त दुकानदाराशी भांडलो ते वगळलं. ती शांतपणे म्हणाली, पप्पा, आता त्या डिस्कवर काही करू नका, सारखी चालू-बंद करू नका, आधी बाहेरची एक डिस्क आणा आणि सगळं तिच्यावर उतरवून घ्या. मग तिनं मला नियम सांगितला. जे हरवून चालणार नाही त्याच्या तीन प्रती असाव्यात. एक कॉम्प्युटरमध्ये, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी घराबाहेर. घराला काही झालं, चोरी झाली, शॉर्टसर्किट झालं, तरी बाहेरची वाचते.

प्रतींचं मला कुणी शिकवायला नको होतं. माझी सगळी नोकरी त्यातच गेली. तरी मी म्हटलं, पेन ड्राइव्ह घेतो, स्वस्तात होईल. ती म्हणाली, एकट्या पेन ड्राइव्हच्या भरवशावर राहू नका, तो एक तर हरवतो नाही तर अचानक उघडतच नाही. मग ती नव्या जातीच्या डिस्कबद्दल बोलली, जिच्यात काही फिरत नाही, पडली तरी सहसा बिघडत नाही. पण कॉम्प्युटरच्या आत बसवायला ती घ्या, कपाटात ठेवायला साधी फिरणारीच बरी, कारण नवी बरीच वर्षं विजेशिवाय पडून राहिली तर तिच्यातलं पुसट होऊ शकतं. हे मला काही पटलं नाही. वस्तू वापरली नाही म्हणून विसरते, हा कुठला न्याय. पण पळसाला पानं तीनच, जिथं जाल तिथं काही तरी अडचण असणारच, म्हणून ऐकून घेतलं. शेवटी तिनं ऑनलाइन ठेवायचं सुचवलं. मी विचारलं, कुठं राहतं ते? ती म्हणाली, कंपनीच्या मशीनवर. म्हटलं, कुठल्या गावात? तिला सांगता येईना. तुझ्या आईला मी पत्ता नसलेल्या ठिकाणी ठेवणार नाही, असं मी म्हणून गेलो. 

डिस्क आणायला मी जालन्याला गेलो. भोकरदनच्या दुकानदारासमोर जायची सोय मी स्वतःच घालवली होती. जालन्याच्या दुकानात वेगवेगळ्या रंगांच्या डिस्क होत्या. मी काळी घेतली. फिरणारी, तळहाताएवढी, रबराचं कव्हर असलेली. बसमध्ये ती शर्टच्या आत, पोटाशी धरून आणली. खड्डा आला की मी थोडा उभा राहायचो. शेजारच्या माणसाला वाटलं, मला मूळव्याध आहे. त्यानं एका वैद्याचं गाव सांगितलं.

आता जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण आमच्या खात्यात आयुष्य काढलेला माणूस दुसरं काही करूच शकला नसता. कचेरीची रीत अशी की मूळ कागद कपाटात आणि झेरॉक्स वापरात. मूळ प्रत कधी टेबलावर पडू द्यायची नाही. ती कुलपात गेली की माणूस सुटला. तर मी डिस्क जोडली, पाठांचं फोल्डर उघडलं आणि सगळं निवडून 'कट' केलं. 'कॉपी' नाही केलं. कॉपी म्हणजे झेरॉक्स, आणि कपाटात झेरॉक्स ठेवायची हे माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं. मूळ आवाज डिस्कवर जाईल, डिस्क कपाटात जाईल, मग सवडीनं कॉम्प्युटरसाठी झेरॉक्स काढू, असा माझा बिलकुल सरळ हिशोब होता. डिस्कवर फोल्डर केलं, पेस्ट दाबलं. हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. आतून कट् कट् चालूच होतं. मी हात जोडून बसलो.

पट्टी अर्ध्याच्या पुढं गेली आणि लाइट गेली.

यूपीएस होता. पण त्याची बॅटरी बदलू बदलू म्हणता दोन उन्हाळे गेले होते. त्यानं एकदाच पीं केलं आणि सगळं काळं झालं. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन, आणि मी काळ्या काचेत माझंच तोंड बघत बसलेलो. मुलीला फोन लावला. काय केलं ते सांगितल्यावर तिला आधी कळेचना.

"पप्पा, कट केलं? म्हणजे इथून काढून तिकडं टाकत होता?"

"मूळ प्रत कपाटात ठेवतात, बाई."

"कॉम्प्युटरमध्ये मूळ अन् झेरॉक्स असं काही नसतं, पप्पा. दोन्ही सारख्याच असतात. तुम्ही एकच होती ती उचलून चालला होता." एवढं म्हणून ती रडायला लागली. तिला रडताना ऐकून मला कळलं की आपण काय करून बसलो होतो.

लाइट आली तेव्हा आमचा कॉम्प्युटर लवकर उठला नाही. निळा पडला, पुन्हा बंद झाला, पुन्हा कट् कट्. शेवटी उठला. मुलगी व्हिडिओवर होती, मी फोन स्क्रीनसमोर धरला आणि ती म्हणेल ते बटण दाबत गेलो. काही पाठ तिकडं गेले होते, काही इकडं राहिले होते. जाता जाता वाटेत अडकलेला एक दोन्हीकडं दिसत होता, तिकडं अर्धामुर्धा. इकडचे उरलेले या वेळी कॉपी केले. यादी जुळली. मुलगी म्हणाली, यादी जुळली म्हणजे झालं असं नाही. डिस्क खराब होती, वर लाइट गेली, एखादी फाइल दिसायला बराबर असते पण मध्येच तुटते. प्रत्येक पाठ शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय कळणार नाही.

मी म्हटलं, ऐकतो. पण मी ते पाठ ती गेल्यापासून एकदाही लावले नव्हते. खोळ काढायची, चालू करायचं, फोल्डरच्या नावाकडं बघायचं, बंद करायचं, एवढंच. आवाज आत आहे हे मला पुरत होतं. उघडला आणि सहन झाला नाही तर काय, ही भीती होती.

आधी भोकरदनच्या दुकानदाराकडं गेलो. त्यानं मागचं काही काढलं नाही. जुनी डिस्क काढून नवी बसवली, पाठ तिच्यावर घेतले, यूपीएसची बॅटरी बदलली. जुनी डिस्क मी मागून घेतली. तो म्हणाला, आता तिचा काही उपयोग न्हाई. मी म्हटलं, असू द्या.

मग मी ऐकायला बसलो. पंखा बंद केला, का कोण जाणे. पहिला पाठ लागला आणि ती बोलली. "मुलांनो, नमस्कार. आज आपण दशक आणि एकक समजून घेणार आहोत."  मी टेबलाची कड धरून ठेवली. पाठ संपला, दुसरा लावला. तिसरा. दोन-तीन दिवस मी हेच करत होतो. आणि हळूहळू मला एक गोष्ट कळत गेली, ती मी मुलीलाही सांगितली नाही. ही बाई माझी बायको नव्हती.

बायको टेंभुर्णीची. तिथल्या बौद्धवाड्यातल्या, दुसऱ्याच्या शेतात रोजानं खुरपायला जाणाऱ्या आईची पोरगी. घरात ती आईसारखीच बोलायची. "काय शोधून राह्यले? डोळ्यापुढं तर हाय." "म्या सांगितलं व्हतं न, मंग?" मुलगी पुण्याहून आली की ती आल्या आल्या, "लेकरा, वाळून गेली का काय तू," असं म्हणायची. पण डीएडला शहरात गेली तेव्हा वर्गात तिच्या 'न्हाई'ला पोरी हसल्या होत्या. त्यानंतर तिनं दुसरी भाषा शिकून घेतली आणि इस्त्रीच्या साडीसारखी फक्त शाळेसाठी ठेवली. फाटकातून आत पाऊल टाकलं की ती बाई व्हायची. घरी येऊन चपला काढल्या की पुन्हा आमची. पाठात सगळीकडं बाई होती. स्वच्छ, गोड, प्रत्येक शब्द धुतलेला. 'नाही' म्हणताना तिचा आवाज माझ्या ओळखीचा वाटत नव्हता.

मी पाठांचे शेवट पुन्हा पुन्हा ऐकले. फोन बंद करायला विसरली असेल, मला हाक मारली असेल, निदान कुणावर तरी ओरडली असेल. एकही नाही. तिनं मला गच्चीवर पाठवलं होतं आणि मी शहाण्यासारखा तिथं बसून राहिलो होतो. एका पाठाच्या शेवटी मात्र ती "उद्या भेटू" म्हणते आणि मग श्वास घेते, घरातलं काही तरी बोलायच्या आधी घ्यायची तसा, आणि तिथंच तो संपतो. तो श्वास मी किती वेळा ऐकला ते विचारू नका. मला तिची आठवण येते असं नुसतं म्हणून भागत नाही. मला ती हवी आहे. तिनं मला नावं ठेवायला हवी आहेत. सगळा खटाटोप करून मी वाचवलं काय, तर दुसरीचा वर्ग.

पाठ सगळे नीट होते, तो अडकलेलासुद्धा. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, एक कपाटात. मुलीनं तिसरीची आठवण केली. मी टाळत होतो. शेवटी ती म्हणाली, ऑनलाइन नको तर पेन ड्राइव्हवर घ्या आणि आजीकडं ठेवा. तिसरी प्रत आहे, पेन ड्राइव्ह चालेल.

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्या टेंभुर्णीलाच असतात, मेहुण्याजवळ. मी त्यांना मामी म्हणतो. लेक गेल्यापासून त्या तिचं नाव काढत नाहीत. मी गेलो की जेवलात का विचारतात, नातीचं विचारतात, आणि मग तुरीला शेंगा कशा लागल्या ते सांगतात. त्यांच्यापुढं हा आवाज न्यायचा या विचारानंच मला कसं तरी व्हायचं. शिवाय मनात होतं की मलाच ती यात सापडली नाही, तर तिच्या आईला काय सापडणार. ठरवलं, मेहुण्याच्या हातात द्यायचा, कपाटात ठेवायला सांगायचं आणि चहा पिऊन निघायचं.

काळ्या-पिवळ्या जीपनं गेलो. दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यांवर आला होता. मामी अंगणात सूप घेऊन तूर पाखडत होत्या. या पाव्हणं, म्हणाल्या. सुनेनं पाणी दिलं, चहा टाकला. मी मेहुण्याला पेन ड्राइव्ह दिला आणि खालच्या आवाजात सांगितलं की जपून ठेवा, कुणाला वापरायला देऊ नका. खालचा आवाज माझ्या कामी कधीच आलेला नाही. मामींनी सूप थांबवलं.

"काय हाय त्यात?"

मेहुणा माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "तिचा आवाज हाय, मामी. शाळेतला."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. हात लुगड्याला पुसले. "लावा," म्हणाल्या.

मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, घरातलं बोलणं नाही त्यात, पोरांना शिकवलेलं आहे. ती घरच्यासारखी बोलत नाही, पुस्तकातल्यासारखी बोलते. तुम्हाला ती आपली वाटायची नाही.

"मंग काय झालं? म्याडम व्हती ती," मामी म्हणाल्या. "मला तेच ऐकायचं हाय. म्या कव्हा ऐकलं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. बायको नोकरीला लागल्यावर त्या एकदा तिच्या शाळेवर गेल्या होत्या. तिनं वर्गात येऊन बस म्हणून फार आग्रह केला. त्या आत गेल्या नाहीत. कामाच्या लुगड्यावर होत्या, पोरं काय म्हणतील असं त्यांना वाटलं. त्या बाहेर लिंबाखाली बसून राहिल्या. आतून पोरांचा कालवा तेवढा ऐकू आला, तिचा आवाज त्यात कळला नाही. पुन्हा कधी तरी येऊ म्हणाल्या, आणि खुरपणी-वेचणीतून ते राहूनच गेलं.

मेहुण्यानं पेन ड्राइव्ह टीव्हीच्या मागं लावला. टीव्हीवर चित्र नव्हतं, नुसता काळा पडदा आणि खाली सरकणारी एक रेघ. यादीत सगळ्यात वर होता तो पाठ लागला.

"मुलांनो, नमस्कार. सगळे नीट बसलात ना? आज आपण आपल्या घराबद्दल बोलणार आहोत."

मामींनी पाय जवळ घेतले आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मी खाली बघत होतो. मला त्यांचं तोंड बघायचं धाडस नव्हतं.

या पाठात तिची एक पद्धत होती. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं, म्हणजे तिकडं ओट्यावर बसलेली पोरं उत्तर देतील. तिला ते ऐकू येणार नव्हतंच, तरी थोडं थांबून ती शाबासकी द्यायची. घरी तपासताना मला या रिकाम्या जागांचा कंटाळा आला होता. फाइल तुटली की काय, म्हणून मी नुसता घड्याळाकडं बघत बसायचो.

"तुमच्या घरात सगळ्यात आधी कोण उठतं? सांगा बरं."

शांतता झाली. मामींनी माझ्याकडं पाहिलं, मग टीव्हीकडं.

"मी उठते," त्या म्हणाल्या.

"शाब्बास," टीव्हीतून आवाज आला.

मेहुणा दाराला हात लावून उभा होता, तो तसाच राहिला. चहा घेऊन आलेली सून उंबऱ्यात थांबली.

"घरातलं पाणी कोण भरतं?"

"आता सून भरती. पह्यले मीच भरत व्हते, लांबून, हापशावरून..." उत्तर मोठं झालं, त्यामुळं शाब्बास त्यांच्या बोलण्यावरच आलं. पण त्यांनी ते ऐकलं. मान हलवली.

आणि मी मामींचं बोलणं ऐकत होतो. ते 'पह्यले', ते शब्द जरा ओढून खाली सोडणं, ते 'न्हाई'. दोन-तीन दिवस टेबलाची कड धरून मी जे शोधत होतो ते माझ्या शेजारी बसून उत्तरं देत होतं. मी रडलो. मेहुण्यासमोर रडलो, मला त्याचं काही वाटलं नाही. समोर बाई प्रश्न विचारत होती आणि शेजारून माझी बायको बोलत होती.

"आता शेवटचा प्रश्न," ती म्हणाली. "शाळा चालू होती तेव्हा तुम्हाला शाळेत सोडायला कोण यायचं?"

 रेघ सरकत होती. ती रिकामी जागा संपून जाईल आणि त्यांचं उत्तर राहून जाईल, असं मला वाटायला लागलं.

"मीच येत व्हते की गं," त्या हळू म्हणाल्या. "कामाला जाता जाता."

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली. पोरांना ती असंच म्हणायची. "उभं राहून मोठ्यानं सांगा."

मामी खाटेला धरून उठल्या. गुडघ्यांमुळं त्यांना वेळ लागला, पण त्या सरळ उभ्या राहिल्या, हात बाजूला घेतले आणि टीव्हीकडं बघून मोठ्यानं म्हणाल्या, "मी येत व्हते."

"शाब्बास," ती म्हणाली. "बसा खाली."

मामी खाली बसल्या.